चाळीस मारु

१

पक्षी-अभ्यासक इंदुधरने नागवेणीच्या तळहातावर अंडे ठेवले. ते गार होते. सकाळी सातच्या सुमारास अंड्यावर पक्ष्याच्या पोटाची ऊब असावी लागते. हे नदीतल्या गोट्यासारखे, कोणाचेच नसल्यासारखे गार होते.

"काल दुपारीच शिजलं असणार," तो खाली पाहत म्हणाला. "पक्षी उठले ते परत बसलेच नाहीत. वाळू तव्यासारखी तापली होती. चौतीस घरटी होती, मॅडम. अकरा उरलीत."

नागवेणीने अंडे हलकेच परत वाळूतल्या खळग्यात ठेवले. नदी सुरयाचे घरटे म्हणजे तेवढेच, वाळूत पोटाने पाडलेला एक खळगा. तुंगभद्रेचे पाणी उतरले की मरळगड्डे हे बेट वर येते, विड्याच्या पानासारखे. पानाच्या रुंद बाजूला होळेगंगव्वाचे देऊळ, निमुळत्या टोकाला सुरयांची वसाहत. देवी आधी आली की पक्षी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण दोघांचाही हंगाम एकच होता, आणि जत्राही नेमकी त्याच दिवसांत भरत असे.

वनखात्यात गेली दोन वर्षे एकच सूर होता, की बेट माणसांना बंद करावे. परिक्षेत्र अधिकारी म्हणून नागवेणी इथे रुजू झाली आणि तिने तो सूर मोडला. जत्रेचा एक दिवस, मधोमध एक दोरी. दोरीच्या अलीकडे माणसे, पलीकडे पक्षी. पंचायतीच्या फळ्यावर तिनेच सूचना लावली होती : सर्वांत जवळच्या घरट्यापासून चाळीस मारु अंतरावर दोरी बांधावी. मारु म्हणजे वाव, दोन्ही हात पसरले की बोटांपासून बोटांपर्यंत होते तेवढे अंतर. तिचे वडील किनाऱ्यावरचे कोळी. शिसे बांधलेली दोरी समुद्रात सोडून ते तळ मारुंत मोजत. सरकारी मीटर लिहिण्यापेक्षा लोकांच्या तोंडचा शब्द लिहावा, म्हणजे दोरी त्यांना आपली वाटेल, असे तिला मनापासून वाटले होते.

जवळच्या घरट्याशी इंदुधरने आधीच रोवलेली लाल कापडाची काठी अजून उभी होती. तिथून त्याने दोरीपर्यंत फीत ताणली.

"सदतीस मीटर. सत्तरच्या वर हवं होतं. मंगळवारी बांधली, बुधवारी जत्रा. मधल्या वेळात कोणीतरी दोरी सरकवली."

जत्रेआधीचे तीन दिवस नागवेणी डोंगरातल्या वणव्याशी झुंजत होती, आणि जत्रेच्या दिवशी पैलतीराच्या घाटावर गर्दी आवरत. बेटावर काय चालले होते, हे तिने पाहिलेच नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. उपवनसंरक्षक करुंबय्या साहेब कधी आवाज चढवत नसत, म्हणूनच त्यांची भीती वाटे.

"मी पाच वाजता पोहोचतो. दोरी कोणी सरकवली, त्याचं नाव तयार ठेवा. नाव नसेल तर सगळ्या गावाचंच नाव धरीन आणि बेट कायमचं बंद करीन. आदेश टाईप करून ठेवलाय."

पाच वाजायला दहा तास होते.

२

घाटावर दुरगप्पा अंबिगेर आपली हरिगोल पालथी घालून तिच्या वेताच्या पाठीला डांबर फासत होता. ती गोल, टोपलीसारखी नाव दुरून झोपलेल्या कासवासारखी दिसत होती.

"या मॅडम! बेड्या आणल्यात का नुसत्याच आलात?"

"तुला कोणी सांगितलं?"

"गावात कोंबडं आरवायच्या आधी बातमी आरवते. जागा वाढली तर फायदा कोणाचा? नाववाल्याचा. म्हणजे चोर दुरगप्पा. झाला निकाल, चहा घ्या."

"निकाल नंतर. दोरी कोणी बांधली?"

"मी. खुंट्या मी ठोकल्या, दोरी मी कापली, टोकं सुटू नयेत म्हणून तिथल्या तिथे डांबरात मी बुडवली. उरलेलं भेंडोळं हे बघा. पण खुंटी ठोकली ती तिप्पव्वानं शेवंतीचं फूल ठेवलं होतं तिथेच. बोटभरही इकडेतिकडे नाही."

"अंतर कमी आहे, हे तुझ्या लक्षात नाही आलं?"

दुरगप्पाने ब्रश डब्यात उभा केला. "आलं असतं तरी बोललो नसतो. मी मोजलं तर पंपय्या स्वामी म्हणणार, या नावाड्यानं गोलमाल केला. स्वामींनी मोजलं तर मी तेच म्हणणार. म्हणून तर तुम्ही भर सभेत सांगितलंत, जिच्या मापावरून गावात कधी भांडण झालं नाही त्या फुलवाल्या तिप्पव्वानं मोजावं. टाळ्या मीच आधी वाजवल्या होत्या."

ते खरे होते. त्या टाळ्या नागवेणीला अजून ऐकू येत होत्या.

"आणि एक सांगा," तो म्हणाला, "जागा दुप्पट झाली म्हणून माणसं दुप्पट येतात का? जेवढी यायची तेवढीच आली. उगाच ऐसपैस बसून चुरमुऱ्यांची मंडक्की आणि मिर्ची-भजी खाल्ली, एवढंच. मग मी दोरी कशाला हलवू, हातांना खाज म्हणून?"

 नागवेणी निघाली तेव्हा तो मागून म्हणाला, "बेट बंद झालं तर आमच्या वीस हरिगोली पालथ्याच राहतील, मॅडम. पालथ्या नावेत काही मावत नाही."

३

पंपय्या स्वामी देवळाच्या पायरीवर पाय पसरून बसले होते. दोन्ही गुडघ्यांना एरंडेलाची पाने बांधली होती.

"दोरीच्या नावाला माझा विरोध होता, आहे आणि राहील," ते न विचारताच म्हणाले. "आईच्या अंगणात कुंपण? उद्या गाभाऱ्यात फाटक बसवाल."

"म्हणून तुम्ही दोरी सरकवलीत?"

स्वामी मोठ्याने हसले. "हे गुडघे बघ, बाई. खुंटी उपटायला वाकलो असतो, तर खुंटीबरोबर मलाच उपटून काढावं लागलं असतं."

नागवेणीलाही हसू आवरले नाही. पण ते ओठांवरच सुकले. "मंगळवारी संध्याकाळी तुम्ही इथे होतात?"

"दिवाबत्तीला. दोरी काल होती तिथेच होती. बाभळीच्या झुडपाच्या पलीकडे, पक्ष्यांच्या बाजूला."

"नक्की?"

"झुडपापाशी तुमच्या त्या पक्षीवाल्या शास्त्रज्ञाचा तंबू असतो ना, लपून बघायचा? तो गुंडाळत होता. म्हटलं, का रे बाबा, मुक्काम हलवलास? तर ओ नाही, उत्तर नाही. शिकलेल्या माणसाला म्हाताऱ्याची हाक ऐकू येत नाही."

नागवेणीने मनात हिशोब मांडला. मंगळवारी संध्याकाळीच दोरी आजच्या जागी होती. मग मधल्या वेळात ती सरकवली कोणी? स्वामी खोटे बोलत असतील, किंवा दोरी सरकली तेव्हा मंगळवारची संध्याकाळही झालेली नसेल.

किंवा तिसरे काहीतरी होते, ज्याकडे कोणी पाहतच नव्हते.

४

माणसे खोटे बोलू शकतात. दोरीला ते जमत नाही. नागवेणी दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. दोन्ही टोके पाण्याच्या काठावरच्या खुंट्यांना बांधलेली होती, गाठीपलीकडे वीतभरही दोरी उरलेली नव्हती, आणि टोकांवर डांबराची टोपी जशीच्या तशी होती, तिच्यात वाळू रुतून दगड झालेली. बांधल्यानंतर दोरी कोणी कापलेली नव्हती.

मग ती देवळाच्या दिशेने चालत, जिथे दोरी असायला हवी होती तिथे गेली आणि पानाची रुंदी पावलांनी मोजली. इथे बेट अठरा पावलांनी अधिक रुंद होते.

ती वाळूत बसली. उन्हाने पाण्यावर अभ्रक पसरला होता. दोरी आधी इथे असती, तर ती इथल्या रुंदीची असती. मग तिला निमुळत्या भागात नेल्यावर अठरा पावलांची दोरी उरली असती, नाहीतर कापलेल्या जागी ताजे टोक दिसले असते. यांतले काहीच नव्हते. म्हणजे दोरी इथे कधी नव्हतीच. ती पहिल्यापासून चुकीच्या जागी, पण त्याच जागेसाठी कापलेली होती. सरकवणारा कोणी नव्हताच.

मग खोटे फूल ठेवणारी एकच व्यक्ती उरत होती.

तिप्पव्वा घाटावरच्या पिंपळाखाली अबोली गुंफत होती. सत्तरीची बाई; बोटे मात्र वीस वर्षांची. तिने न मागता पानकाचा पेला पुढे केला.

"पी आधी. तोंड बघ किती सुकलंय, पोरी."

"अव्वा, मंगळवारी तू मोजलंस?"

"मीच मोजलं. लाल कापडापासून. तो पक्षीवाला दाखवून गेला, तिथून."

"किती?"

"चाळीस. तुझ्या कागदात होतं तेवढं. आणि देवीच्या नावानं एक वर. गिऱ्हाइकाला देते, मग देवीला नको?"

"अव्वा, पुन्हा आठव. मोजताना काही चुकलं असेल..."

तिप्पव्वाची बोटे थांबली. "साठ वर्षं मोजतेय. माझ्या मापाला आजवर कोणी चूक म्हटलेलं नाही. तू पहिली."

त्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते, आणि नागवेणीला ते रागाहून जड गेले. ही बाई खोटे बोलत नव्हती. पण फीतही खोटे बोलत नव्हती. चाळीस आणि वर एक, तरी अंतर निम्मेच?

तेवढ्यात ओल्या केसांची एक बाई घाईने आली. "अव्वा, मारुभर अबोली दे गं."

तिप्पव्वाने माळेचे टोक मधल्या बोटाशी धरले आणि माळ कोपरापर्यंत ताणली. एक. पुन्हा बोटापासून कोपरापर्यंत. दोन. आणि तिथेच तिने दोरा तोडला.

नागवेणीच्या हातातला पेला तोंडाशी गेला नाही.

५

"एक मारु म्हणजे कोपरापर्यंतचे दोनच हात?" तिने विचारले. ती बाई माळ घेऊन केव्हाच निघून गेली होती.

"मग किती? फुलांचा मारु दोनच हातांचा असतो. माझ्या आईचाही तेवढाच, तिच्या आईचाही."

"आणि नावाड्यांचा?"

"त्यांचं मला काय ठाऊक? ते पाणी मोजतात, मी फुलं."

फुलांचा दोन हातांचा मारु आणि पसरलेल्या बाहूंचा, चार हातांचा मारु. एकच शब्द, दोन मापे. किनाऱ्यावर वाढलेल्या पोरीला समुद्राचा मारु ठाऊक होता. दुरगप्पालाही नदीचा तोच. गावात कोणाला शंका आलीच नाही, कारण प्रत्येकाच्या डोक्यात आपापला मारु पक्का होता. आणि फळ्यावर तो शब्द लिहिणारा हात नागवेणीचा होता. मोजायला फुलवाली निवडणारी जीभही तिचीच.

करुंबय्यांना हवे असलेले नाव तिला सापडले होते. पण एक गोष्ट अजून टोचत होती, आणि ती घेऊन ती पुन्हा बेटावर गेली.

बाभळीच्या झुडपापाशी तंबूच्या खुंट्यांची चार भोके अजून ताजी होती. लाल काठीपासून तिथपर्यंत तिने फीत ताणली. पन्नास मीटर. इंदुधर मागे येऊन उभा राहिला होता.

"तू मंगळवारी तंबू का काढलास?"

"गर्दी होणार होती म्हणून."

"गर्दी कुठपर्यंत येणार होती?"

तो भोकांवर पायाने वाळू लोटू लागला.

"दोरी ठरल्या जागी असती," नागवेणी सावकाश म्हणाली, "तर ही जागा दोरीच्या पलीकडे, बंद भागात येते. इथे माणूस फिरकलाच नसता. तंबू तसाच ठेवून तू दिवसभर पक्षी बघितले असतेस. पण तू तो काढलास, कारण लोक इथवर येणार हे तुला दिसत होतं. दोरी जवळ बांधली गेलीय, हे तुला मंगळवारी संध्याकाळीच कळलं होतं."

"मी दोरीला हात लावला नाही."

"माहीत आहे. कोणीच लावला नाही. तू फक्त गप्प बसलास."

वाऱ्याने वाळूचा एक पातळ पडदा दोघांच्या मधून नेला. इंदुधर खाली बसला. तो रडत नव्हता. रडणे त्याला येत नसावे.

"चार वर्षं सांगतोय, माणूस आला की पक्षी जातो," तो म्हणाला. "अहवाल लिहिले, नकाशे काढले. सगळे म्हणायचे, एका दिवसानं काय होतंय? वाटलं, एकदा डोळ्यांनी बघू देत. दोन-चार घरटी जातील. बाकीची कायमची वाचतील." त्याने वाळूची मूठ भरली आणि उघडली. "तेवीस जातील असं वाटलं नव्हतं, मॅडम."

"हे लिहून देशील?"

"माझं काम संपेल."

"संपेल," नागवेणी म्हणाली. तिला खोटा दिलासा देता येईना. "पण लिहिलं नाहीस तर ज्या बाईनं इमानानं मोजलं, तिच्यावर अंतर खोटं मोजल्याचा आळ राहील."

 मग त्याने वहीतले कोरे पान फाडले.

६

पाचला पाच मिनिटे असताना करुंबय्या साहेब हरिगोलीतून उतरले. देवळासमोर गाव जमले होते. पंपय्या स्वामी काठीवर, तिप्पव्वा फुलांची परडी मांडीवर घेऊन, दुरगप्पा आपल्या वीस नावाड्यांसह. साहेबांनी फाईल उघडली. चौकशीच्या कागदावर एक रकाना रिकामा होता : जबाबदार व्यक्तीचे नाव.

"बोला."

नागवेणीने सांगितले, दोरीची टोके, पानाची रुंदी, अबोलीची माळ. सगळे ऐकून झाल्यावर तिप्पव्वाच आधी उठली. पाटी-पेन्सिलीशी कधी संबंध न आलेल्या बाईने हिशोब मात्र चटकन जुळवला होता.

"म्हणजे माझ्या मारुनं ती अंडी मेली, पोरी?"

"नाही अव्वा. तुझा मारु खरा आहे. दोन मारु असतात, हे मला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंही नाही." तिने साहेबांचे पेन घेतले आणि रकान्यात आपले नाव लिहिले, हुद्द्यासकट.

"यावर खुलासा मागवावा लागेल," करुंबय्या म्हणाले. "कदाचित बदलीही."

"मागवा सर."

"आणि हे?" त्यांनी दुसरा कागद उचलला.

"इंदुधरचं निवेदन. त्यानं स्वतः लिहिलंय. मी एक शब्द सांगितलेला नाही."

साहेबांनी ते दोनदा वाचले. गर्दीच्या कडेला उभा असलेला इंदुधर कोणाकडेच पाहत नव्हता. दुरगप्पा काहीतरी तिखट बोलायला पुढे सरसावला, पण पंपय्या स्वामींनी काठी आडवी धरली. "असू दे रे. त्याला आपण कशाला सुनवायचं? ती तेवीस घरटीच सुनावतील."

"माणसं आणि पक्षी एकत्र नांदत नाहीत, हाच धडा यातून निघतो," साहेब म्हणाले.

"नाही सर. माणसं माणसांशी नीट बोलली नाहीत, हा धडा निघतो." आपल्याच आवाजाने ती दचकली, पण थांबली नाही. "बेट बंद केलं तर लोक चोरून येतील, आणि चोरून येणारा दोरी बघत नाही. आता गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की सुरयाला किती अंतर लागतं. हे शिकायला तेवीस घरटी गेली. ते शिकलेलं बंद दाराआड फेकू नका."

करुंबय्यांनी नदीकडे पाहिले. निमुळत्या टोकावर चार-दोन सुरय खाली उतरत होते, पुन्हा उठत होते.

"पुढच्या बुधवारी आठव्या दिवसाची पूजा आहे ना? तोवर आदेश फायलीत ठेवतो. अकराची दहा झाली, तर सही करीन. तुमच्याशी पुन्हा बोलणार नाही."

"चालेल."

"आणि या वेळी मीटरमध्ये मोजा." त्यांनी गाडीतून सोबत आणलेली मोठी फीत पुढे केली.

"मोजते सर. पण नुसत्या फितीनं नाही."

जुन्या दोरीपासून देवळाच्या दिशेने छत्तीस मीटर फीत वाळूवर पसरली गेली. मग नागवेणीने लोकांना तिच्यावर उभे केले; नावाडी, फुलवाल्या, मंडक्कीवाला, स्वामींचा पुतण्या. प्रत्येकाने दोन्ही हात पसरले, बोटांना बोटे टेकवली. उंच माणसाशेजारी बुटकी बाई, तिच्याशेजारी पुन्हा उंच. फीत कार्यालयाची, हात गावाचे. दोन्ही जुळले तरच खुंटी ठोकायची, असे तिने मोठ्याने सांगितले.

"अव्वा, हाच तो नाववाल्यांचा मारु," दुरगप्पा ओरडला. "बघ, तुझ्या दोन माळा होतात एकात!"

"म्हणूनच तुझी बायको कधी एक मारु घेत नाही," तिप्पव्वा म्हणाली, "तीन घेते आणि तुला दोन घेतल्याचं सांगते." ओळीत हशा पिकला, पसरलेले हात हलले, पण बोटे सुटली नाहीत.

विसावी नागवेणी होती. तिच्या उजव्या हाताची बोटे जिथे पोहोचली, तिथे दुरगप्पाच्या नावा लागण्याचा संथ पाण्याचा काठ होता. म्हणजे तो काठ आता पक्ष्यांच्या वाट्याला गेला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. तिथे लागायचे नाही तर वरच्या टोकाला जायला हवे. प्रवाह कापत, प्रत्येक खेपेला.

दुरगप्पाने नदी न्याहाळली, मग आपले दंड.

"बुधवारपर्यंत पोरांना वल्ही मारायला शिकवावं लागेल," तो म्हणाला. "नुसती फिरवतात मेली." आणि त्याने घण उचलला.

खांदे भरून आले होते, ऊन डोळ्यांत शिरत होते. पण खुंटी वाळूत पुरती बसेपर्यंत नागवेणीने हात खाली घेतले नाहीत.